वजा केलेला हात

हेमलता कर्णिकांचं त्या यंत्राशी पहिल्यापासूनच पटलं नव्हतं आणि त्या ते यंत्रालाच ऐकवत असत.

"आलं का गुरगुरायला? अजून चहासुद्धा पोटात गेला नाही माझ्या," त्या सकाळी त्या म्हणाल्या आणि देवळालीहून दुरुस्तीला आलेली पर्स त्यांनी यंत्राच्या काचेखाली सरकवली.

"आई, ते गरम होतंय. गुरगुरत नाहीये."

"तुझे बाबाही हेच म्हणायचे. मी रागावलो नाहीये, नुसता गरम झालोय."

ऋजुता हसली. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये पुढची खोली हेच दुकान होतं आणि हाच कारखाना. भिंतीवरच्या फळ्यांवर मलमलीत गुंडाळलेल्या जुन्या पर्स बसलेल्या असत. काही टोकियोच्या लिलावातून आलेल्या, काही मुंबईतल्या जुन्या घराण्यांनी कपाटं रिकामी करताना विकलेल्या. पॅरिसची एक म्हातारी पर्स कडी तुटून दोन वर्षं जोडीदार कडीची वाट पाहत होती. विकत काय घ्यायचं ते आई ठरवायची आणि घेतलेलं आपल्या हातांनी पुन्हा उभं करायची. यंत्र आणि गिऱ्हाइकं मुलीकडे.

खरं चामडं आता कुठेच तयार होत नव्हतं. टाक्यांमध्ये पेशींपासून वाढवलेलं चामडं बाजारात आलं. ते स्वस्त होतं, त्यासाठी जनावर मरत नव्हतं. चामडं कमावणारे कारखाने पाहता पाहता बंद पडले. मग जुन्या पर्सना अचानक मोल आलं आणि मोल आल्याबरोबर नकला आल्या. त्या इतक्या हुबेहूब असत की टाके, शिक्के, कड्या पाहून काही ठरवता येईना. तेव्हा स्पर्शवाचक हे यंत्र निघालं. बाई वर्षानुवर्षं पर्स हातात धरते, तिच्या तळव्याचा घाम आणि तेल हँडलमध्ये थरावर थर मुरत जातं. यंत्र प्रकाशाच्या बारीक किरणाने एकेका थरातले कण उचलतं आणि ओळखतं. प्रत्येक माणसाच्या घामाचं मिश्रण वेगळं, त्याला ठसा म्हणत. नक्कल करणाऱ्याला सगळं जमायचं, पण एका बाईचा अर्ध्या आयुष्याचा तळवा त्याला कुठून मिळणार? पुढे तर ठशावरून त्या माणसाचा वासही तयार करता येऊ लागला. पर्सबरोबर एक छोटी गंधकुपी मिळे. पूर्वी लोक पर्स बनवणाऱ्याचं नाव बघून पैसे टाकत, आता ती कुणाच्या हातात होती ते विचारत.

यात अडचण होती हेमलताबाईंच्या हातांची. मेणाचं मलम त्या उघड्या तळव्यानेच चोळत. हातमोजे नाहीत, फडकं नाही. तळव्याच्या उबेने मलम विरघळतं आणि चामडं किती पितंय ते कातडीला कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दुकानातून गेलेल्या प्रत्येक पर्सवर सगळ्यात वरचा थर त्यांचा असे. यंत्रात त्यावर उपाय होता. दुरुस्त करणाऱ्याचा ठसा एकदा नोंदवून ठेवायचा, मग यंत्र प्रत्येक वाचनातून तो वजा करतं.

"म्हणजे मी मळ," नोंदणीच्या दिवशी आई म्हणाली होती.

"मळ नाही गं. गोंगाट. त्यांच्या भाषेत."

"वा. बढतीच झाली म्हणायची."

त्या सकाळी देवळालीच्या पर्सचं वाचन सुरू झालं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. 'दुरुस्तकाचा ठसा बदलला आहे. नवा ठसा मान्य?' हल्ली हे वरचेवर येई. साबण बदलला, मलम बदललं, हवा बदलली की ठसा थोडा सरकतो, असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. ऋजुताच्या एका हातात चहा होता. दुसऱ्या हाताने तिने 'हो' दाबलं.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" आईने विचारलं.

"काही नाही. तुझं नेहमीचंच."

दुपारी आईने वरणभात अर्धा टाकला, तो उन्हाच्या नावावर खपला. संध्याकाळी दोघी गच्चीवर कपडे काढायला गेल्या आणि शेजारच्या वाघांच्या नव्या सुनेवर यथेच्छ बोलून आल्या. त्या घरातला साधा असा तो शेवटचा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाईंचे डोळे पिवळे दिसले. कावीळ असेल म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी ऋजुताला बाहेर बोलावून जे सांगितलं त्यात उपचार हा शब्द नव्हता. महिना पुरा व्हायच्या आत आई गेली.

दिवसकार्य आटोपलं, नातेवाईक आपापल्या घरी गेले. मग ऋजुता पुढच्या खोलीत येऊन बसली, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते तिला कळेना. ऑर्डरी अडल्या होत्या. तिने आईसारखंच उघड्या तळव्याने मलम चोळलं. तिच्या हाताखाली चामडं चिकट राहिलं. यंत्राने वाचन थांबवून कळवलं की पर्सवर अनोळखी हात आहे.

त्या वाक्यामुळेच तिला सुचलं. आईच्या साड्या मावशीने धुऊन वाटल्या होत्या, उशीचे अभ्रे तिने स्वतःच, काय करतोय हे न कळता, मशीनमध्ये टाकले होते. आईचा वास घरातून पुसला गेला होता. पण एखाद्याला वजा करायचं तर आधी त्याला पूर्ण ओळखावं लागतं. वजाबाकीच्या त्या कप्प्यात यंत्राने आई जपून ठेवली होती, नोंदणीच्या दिवसापासून शेवटच्या पर्सपर्यंत. मान्य केलेला प्रत्येक ठसा तिथे होता.

तिने पहिल्या ठशाची गंधकुपी बनवली. झाकण काढलं. स्वच्छ, किंचित खारट, गव्हाच्या पिठासारखा वास होता तो. छान होता आणि परका होता. ही बाई कोण, असं तिला वाटलं. मग तिने सगळ्यात शेवटच्या ठशाची कुपी बनवून उघडली. पिकून कलत आलेल्या केळ्यासारखा गोडसर, जड वास खोलीत पसरला, आणि ऋजुता खुर्चीचा हात धरून रडली. हीच आई. हल्लीची. हाताने घास भरवावा तशी जवळ आलेली.

रडणं थांबल्यावर तिला कळलं की हा वास तिने आधी घेतलेला आहे, आणि एकदा नव्हे.

आई शेजारी बसून हँडल काचेखाली धरायची तेव्हा तो यायचा. ऋजुता उठून खिडकी उघडायची. आईने कधी विचारलं तर उकडतंय म्हणायची. त्यांच्या घरात हाताच्या वासावर बोलत नसत. आईने हा धंदा सुरू केला त्या वर्षी, आत्याच्या मुलीच्या डोहाळेजेवणात, ओटी भरायला आई पुढे झाली आणि मोठ्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हेमा, तू राहू दे. तुझ्या हाताला चामड्याचा वास येतो." आई हसली होती. घरी येऊन तिने लिंबाच्या फोडींनी हात चोळले, कातडी सोलवटेपर्यंत. त्यानंतर कुठल्याही समारंभाला जायच्या आधी मोरीत लिंबाची सालं पडलेली दिसत. मग समारंभांना जाणंच थांबलं. ऋजुता तेव्हा शाळेत होती. हा विषय काढायचा नाही, एवढं तिने त्या मोरीसमोर उभं राहून शिकून घेतलं होतं.

देवळालीच्या पर्सची मालकीण दोन दिवसांनी आली. डॉ. तेहमी इंजिनिअर नाशिकच्या सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. काठी टेकत आल्या आणि बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"पर्स माझ्या आईची. ती घेऊन बँकेत जायची, बाकी कुठे नाही. त्यामुळे वास नोटांचा आला तर तुमचं मशीन बरोबर आहे असं समजा."

"वाचन तयार आहे. गंधकुपी देऊ?"

"राहू द्या. घेऊन करायचं काय, ते अजून ठरलं नाही. आधी आलेख दाखवा, ते मला वाचता येतं."

ऋजुताने पडदा त्यांच्याकडे वळवला. परवापासून त्याच्यावर वजाबाकीचा कप्पा उघडाच होता आणि ती तो बंद करायला विसरली. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि त्या पडद्याजवळ झुकल्या.

"हे माझ्या आईचं नाही. ती झोपेत हार्ट अटॅकने गेली. हा कोण आहे?"

"तो वजा केलेला भाग आहे. दुरुस्त करणाऱ्याचा हात."

"मग पर्स ठेवा बाजूला. त्या माणसाला आत्ता फोन लावा आणि उद्या सकाळी पोटाचा स्कॅन करायला सांगा. हे तीन कण दिसतात ना, एकत्र चढत गेलेले? निवृत्तीच्या आधी आम्ही घामाच्या चाचण्या सुरू केल्या होत्या. स्वादुपिंड आहे हे. लावा फोन, बघत काय बसलात?"

"ती गेली," ऋजुता म्हणाली. "माझी आई होती."

डॉक्टर हळूच खुर्चीत बसल्या. काठी मांडीवर आडवी घेतली.

"मी तोंड आवरायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं रक्ताच्या बाटल्यांशी बोलले. माणसांशी बोलायची सवय गेली."

"सुरुवात कुठे आहे ते दाखवा."

"कशाला पाहिजे तुम्हाला?"

"दाखवा."

डॉक्टरांचं बोट पडद्यावरून डावीकडे सरकत गेलं. ऋजुताला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लांब गेलं. एका बारीकशा चढावर थांबलं.

"इथे धरलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"डॉक्टर, मला खोटं नकोय."

"इथे धरलेले माझे दोन पेशंट अजून दिवाळीला फराळ पाठवतात," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे नाही. दोन." मग विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं, "आणि प्रत्येक चढावर ही हिरवी खूण कसली?"

"मान्य केल्याची. मी केलं. यंत्र विचारायचं, ठसा बदललाय, मान्य का. मी हो म्हणायचे."

"मग त्यात तुमचं काय चुकलं? यंत्राला पर्स वाचायची होती. माणूस आजारी आहे का, असं त्याने कुठे विचारलं? आमच्या लॅबमध्येही मशीनं असले इशारे देत आणि पोरं न वाचता बटणं दाबत."

"यंत्राचं सोडा." ऋजुताचा आवाज अगदी सपाट होता. "मला वास यायचा. रोज. वर्षभर तरी. मला कळत होतं की काहीतरी बदललंय. यंत्राने विचारलं की उलट बरं वाटायचं, म्हटलं साबण असेल, मलम असेल, त्यालाही तेच वाटतंय. मी उठून खिडकी उघडायचे."

"बोलला नाहीत?"

"तिला लागलं असतं."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी समजूत घातली नाही आणि ऋजुताला त्याबद्दल बरं वाटलं. बाहेर भाजीवाल्याची गाडी लाऊडस्पीकरवर मेथीचा भाव सांगत गेली. 

"माझी आई गेली तेव्हा मी पन्नाशीची होते," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्याशी अजून भांडते मी, गुजरातीत, घरात कोणी नसताना. तुम्ही बोललात का तिच्याशी, ती गेल्यापासून?"

"नाही."

"तिला लागायची वेळ गेली आता. काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

आई बसायची ती बुटकी खुर्ची यंत्राच्या पलीकडे होती, गादीत खळगा पडलेली. ऋजुता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाक्य साधं होतं, कुठल्याही सकाळी चहा पिता पिता म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिला लहानपणासारखीच भीती वाटली की आई आता हसेल आणि उठून मोरीत जाईल. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या हातांना हल्ली वेगळा वास का येतो गं?"