जाळी उचलली तेव्हा

"पाणचक्कीकडे जाणारी झडप बंद केली. आता टाकी भरून वाहायला हवी," ताई म्हणाली.

तिघंही काठावर पालथी पडून पाहत राहिली. पाणी चढेना. उलट बोटभर खाली गेलं.

"टाकीला भोक पडलंय," बटाटा म्हणाला. हा ताईचा धाकटा भाऊ.

"भोक असतं तर सकाळीही गळलं असतं," सुट्टीला आलेली मामेबहीण चष्मिस म्हणाली. "हे रोज चहाच्या वेळीच होतं."

ती पाणचक्की बाबांनी बनवली होती. ओढ्याचं पाणी जाळीतून टाकीत यायचं, टाकीतून पाइपने खाली चक्कीवर पडायचं. चक्कीबरोबर जनित्र फिरलं की घरात दिवे लागायचे, आईचं शिलाई मशीन चालायचं. बाबा थंडीत गेले. त्यानंतर दुपार कलली की चक्कीचा आवाज बसू लागला, दिवे मिणमिणू लागले. शेजारचे लॉजवाले काका आईला समजावून गेले होते की, करणारा माणूसच राहिला नाही, आता ही कटकट कशाला, भंगारात काढा. आईने मान डोलावली होती. उद्या भंगारवाला येणार होता.

ताईने खांद्यापर्यंत हात घालून टाकी चाचपली. शेवाळाखाली, जाळीच्या आतल्या बाजूला, रबरी नळीचं तोंड हाताला लागलं. नळीच्या मागोमाग तिघं झाडोऱ्यातून उतरत गेली. नळी लॉजच्या अंगणातल्या शोभेच्या धबधब्यात शिरत होती. समोर पाहुणे चहा पीत बसले होते.

बटाट्याने दगड उचलला.

"ठेव तो," ताई म्हणाली. "नळी फोडली तर उद्या नवी आणतील, आणि वर विचारतील, कुठली नळी?"

"पण जाळीच्या आत का घातली?" चष्मिसने विचारलं, आणि तिचं तिलाच कळलं. "आयतं गाळलेलं पाणी. रोज जाळी साफ करायला आपण आहोतच."

तिघं वर टाकीपाशी परतली. जाळीवरून रोज काढलेला पाला तिथेच शेजारी साठला होता. काळा, चिकट, नाक धरायला लावणारा.

"चक्कीची झडप बंदच आहे," ताई शांतपणे म्हणाली. "जाळी उचला."

सगळा ढीग टाकीत गेला. बटाट्याने काठीने मनापासून ढवळलं.

थोड्याच वेळात काका तावातावाने आईसमोर उभे राहिले. शर्टभर काळे शिंतोडे.

"वहिनी, पोरांना आवरा! तुमच्या टाकीतला सगळा गाळ माझ्या धबधब्यात आलाय. एका बाईंच्या कपात बेडूक पडला."

आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. "आमच्या टाकीतला गाळ तुमच्याकडे कसा आला, भाऊजी?"

ताईने नळी कुठून कुठे जाते ते आईला सांगितलं.

मग आईने ठरवलं ते असं: नळी आज निघेल, टाकी उद्या काका धुतील, आणि सुट्टी संपेपर्यंत जाळीही तेच साफ करतील. नाहीतर धबधबा कुणाच्या पाण्यावर चालतो ते ती पाहुण्यांना स्वतः जाऊन सांगेल. भंगारवाल्याला तिने येऊ नका म्हणून कळवलं.

"मागितलं असतं तर तुमच्या बाबांनी पाणी दिलं असतं," ती मुलांना म्हणाली. "मी देणार नाही. शाबास तुमची."

सकाळी टाकी धुऊन झाल्यावर काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जाळी घासत होते. तिघं काठावर पाय सोडून बसली होती.

"काका, तो कोपरा राहिला," ताई म्हणाली.

कोपरा राहिला नव्हता. काकांनी तो पुन्हा घासला. खाली चक्की भरल्या आवाजात फिरत होती.