सोनेरी वेलीचे गिलास

"अवो थांबा! राखेनं घासू नका, सोनं निघंल!"

दारातून अनोळखी आवाज आला आणि सुकन्याच्या हातातला गिलास निसटता निसटता राहिला. जुनी भांडी विकत घेत नेकनुरात फिरणारा आदिनाथ उंबऱ्याशी उभा होता. गिलास पणजोबांनी हैदराबादेहून आणलेला, शंभर वर्षांचा — तोंडाने फुंकून घडवलेला, जांभळा, काठाला सोनेरी वेल. असे सहा. रविवारी परळीचे पाहुणे तिला पाहायला येणार, म्हणून माळ्यावरून उतरवलेले.

"मग कशानं घासू?"

"घासायचंच न्हाई. कोमट पाणी, मऊ फडकं... अन् जरा माया."

"माया कोणत्या दुकानात मिळते?" ती हसली, आणि तिथेच फसली बिचारी.

गिलास मागायला म्हणून तो बुधवारी आला, गुरुवारीही आला. तिचे वडील आश्रुबा दोन्ही वेळा "विकायचे न्हाईत" म्हणाले, तरी चहा मिळाला. गुरुवारी त्याने गिलास उन्हात धरून काचेतला बारीक बुडबुडा दाखवला. "फुंकणाऱ्याचा श्वास. अजून आतच हाय." डोकी इतकी जवळ आली की तिला स्वतःचाच श्वास सांभाळेना.

"शनिवारी चुलत्याला घेऊन येतो," तो हळूच म्हणाला. "गिलासासाठी न्हाई..."

"या. पण रविवारच्या आत."

पाहुणे मात्र शुक्रवारीच येऊन धडकले. त्याच गिलासांतून सरबत प्याले, मुलगी पसंत म्हणाले. आश्रुबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ज्याने अजून मागणीच घातली नाही, त्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? ती गप्प राहिली. मुलीचं गप्प बसणं म्हणजे होकार, असंच घरोघरी धरतात. लगेच सुपारी फुटली.

शनिवारी आदिनाथ इस्त्रीचा सदरा घालून आला, मागे फेटा बांधलेला चुलता सटवा. तो तोंड उघडणार तोच आश्रुबा म्हणाले, "बरं झालं आलास! सुकन्याचं जमलं काल. गिलास तिच्यासंगं द्यायचेत, तेवढे नीट बांधून दे."

सटवा फेटा उतरवून खाली बसला. आदिनाथ एकेक गिलास गुंडाळून पेटीतल्या भुश्शात ठेवू लागला. सुकन्या फडकी देत होती.

"काल कावून गप बसलात?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुमची वाट बघत..." तिने आणखी एक फडकं पुढे केलं. "मला तुमीच पायजे होतात."

"आता सांगू आश्रुबादादांना?"

"आई गावभर साखर वाटून आली हो..."

त्याने पेटीला दोरी आवळली.

"मजुरी काय देऊ रे?" आश्रुबांनी विचारलं.

"राहू द्या, दादा. आहेर समजा."

आश्रुबांना पोरगा लई भला वाटला. सुकन्या आत जाऊन पोटभर रडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडतेय पोर.