धाब्याऐवजी कौलं

"मी खोटं नाही बोलले," शलोमीत म्हातारी दारातूनच म्हणाली. "पण माझ्या पोथीत खोटं आलंय. आणि खापर फुटतंय नक्कल लिहिणाऱ्या त्या फिलेतोसवर."

एव्हारिस्तोसने तिला बसायला दिलं. इफिससच्या बंदरावर आयुष्यभर माल तपासलेला माणूस, आता लोकांची असली कोडी सोडवायचा. पाव द्यायला आलेला शेजारचा भट्टीवाला कालियास तिथेच रेंगाळला.

म्हातारी सांगू लागली. गालीलात तिच्या बापाच्या घरी येशू बसला होता. दारात गर्दी, म्हणून चौघांनी धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, उकरून एका लुळ्याला वरून खाली सोडलं. ती तेव्हा सात वर्षांची. ही गोष्ट तिने पोथीत लिहवून घेतली होती. करिंथच्या सभेला पाठवायला केलेली नक्कल काल इथल्या सभेत वाचली, तर चौघांनी कौलं काढलेली.

"आणि एक ओळ घुसलीय. यहूदी लोक मुठीने घासून मनगटापर्यंत हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत म्हणे. हे काय सांगायचं असतं?"

"मला नव्हतं माहीत," कालियास म्हणाला.

"मूळ पोथी कुठेय, मावशी?" एव्हारिस्तोसने विचारलं.

"नक्कल झाली की पुसतात, दुसरं लिहायला. तो राहतो त्या घराची मालकीण मेलित्ता आज संध्याकाळी त्याला बाहेर काढणार. त्याला दुसरं घर नाही रे."

फिलेतोस शाईच्या बोटांनीच पाव खात होता. "याकीमकाका पोथी वाचून दाखवतात, मी ऐकून लिहितो. आता ते म्हणतात, मी चुकीचं ऐकलं."

"यहूदी हात कसे धुतात रे?" एव्हारिस्तोसने विचारलं.

"पाण्यानं."

कालियास हसला.

जिच्या घरी सभा भरायची ती मेलित्ता म्हणाली, "मला अक्षर येत नाही. पण मूळ पोथीच्या पहिल्या वाचनाला लोक काय हसले! छत कुणी उकरतं का म्हणून. याकीमची तर मानच खाली गेली. फिलेतोस इथलाच. त्याने कौलांशिवाय छत पाहिलंय कुठे?"

याकीम, शलोमीतचा धाकटा भाऊ, पोथ्या आवरत बसला होता. पुढे केलेलं अंजीर घेण्याआधी उठला, मुठीने घासून हात धुऊन आला.

संध्याकाळी सगळे जमले.

"बोल कालियास, कुणी केलं?" एव्हारिस्तोसने विचारलं.

"फिलेतोसनं. अक्षर त्याचंच आहे की."

"अक्षर त्याचं, तोंड दुसऱ्याचं. एखादा शब्द चुकीचा ऐकू येईल, अख्खी ओळ कशी येईल? हात कसे धुतात हे फिलेतोसला ठाऊक नाही. मेलित्ताला वाचता येत नाही. मावशीला ते सांगावंसंच वाटत नाही. मग उरतो तो, ज्याला रीत माहीत आहे आणि इथल्यांना ती माहीत नाही हेही माहीत आहे. लोक हसले तेव्हा ज्याची मान खाली गेली, तो."

याकीम बहिणीकडे वळला.

"ताई, तुझ्यावर हसले गं. करिंथलाही हसले असते. मग तो लुळा उठून चालला, हे कुणी ऐकलंच नसतं."

"आणि फिलेतोस?" तिने विचारलं.

"वाटलं, मिटेल आपोआप."

मेलित्ताने फिलेतोसचं बांधलेलं गाठोडं स्वतः सोडलं.

"नक्कल नेणारं करिंथचं जहाज?" म्हातारीने विचारलं.

"सकाळीच गेलं," एव्हारिस्तोस म्हणाला. त्याला वाटलं, कोडं एक दिवस आधी सुटायला हवं होतं.

"त्या धाब्याची माती बाबांबरोबर मी तुडवली होती. माझ्या पावलांचे ठसे होते त्यात." ती कालियासकडे वळली. "तुला तरी कळतं का रे, मातीचं छत कसं असतं?"

कालियासने विचार केला. "माझ्या भट्टीसारखं?"

"जवळपास," ती म्हणाली आणि वरच्या कौलांकडे बघत राहिली.