पाचव्या वेळी हंबीररावांनी हात वर केले

"हा हंबीरराव एकदा समोर येऊ दे, ही लालभडक तरी त्याच्या डोक्यावर ओतते की नाही बघ!" सेवउसळीच्या गाडीशी उभी राहून मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते.

"नको हं... फार तिखट असते," शेजारचा उंच मुलगा म्हणाला. "मीच हंबीरराव."

मेले!

एका मोफत प्रोग्रामिंग भाषेवर आम्ही दोघं घरबसल्या काम करायचो. मी सुधारणा पाठवायची, यानं तपासून परत पाठवायची. तीनदा! आणि हा आमच्या बडोद्याचाच, घडियाळी पोळचा निघावा?

"वाक्यात नावासाठी जागा सोडली आणि नावच सापडलं नाही, तर तुमची भाषा गुपचूप कोरी जागा छापते," मी तिथंच धरलं त्याला. "नंदेसरीला आमच्या केमिकलच्या कारखान्यात पिंपांवर लेबलं आली — 'आत — आहे, हात लावू नका.' काय आहे आत? कपाळ! वेळीच दिसलं म्हणून बरं. प्रोग्रामनं थांबून ओरडायला नको?"

"हवं ना. पण लोकांचे जुने प्रोग्राम बंद पडतील, त्याचं काय?" तो हसला. गालाला खळी... छे, मला काय करायचंय!

मग दर रविवारी तीच गाडी, तेच भांडण. माझा अर्धा पाव उचलून वर म्हणायचा, "चौथ्यांदा पाठवलेलं बघितलं. अजून कच्चं आहे." अस्सा राग यायचा — आणि सोमवारपासून रविवारची वाट बघायची.

पाचव्यांदा मी जुन्या प्रोग्रामांचीही सोय केली. शुक्रवारी भाषेची नवी आवृत्ती निघणार होती; हुकलं की वर्ष गेलं. गुरुवारी सकाळी त्याचं उत्तर आलं — 'हे मी तपासू शकत नाही. दुसऱ्या कुणी बघावं.'

एका दिवसात दुसरं कोण बघणार? स्कूटर काढली, थेट त्याचं दार गाठलं.

"काय बिघडलंय त्यात?"

"काही नाही. झकास झालंय."

"मग मंजूर कर की!"

"चारू... आपल्या माणसाचं काम आपण मंजूर करायचं नसतं. नियम आहे." तो चपलांकडे बघत होता. "आणि तू मला... आपली वाटतेस. मी तरी काय करू?"

"शहाण्या, हे शनिवारी सांगता येत नव्हतं?"

"मग शुक्रवारच्या आत मंजूर करताना खोटं वागावं लागलं असतं."

त्यानं माझा हात धरला, आणि घाबरून लगेच सोडला.

"वर्ष गेलं माझं, वर्ष!" मी ओरडले. माझे डोळे भरून आले होते. "आणि वर हात सोडतोस? धर नीट!"