सोहळा लांबणीवर पडला तेव्हा

त्या दुपारी मी तीन वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री झाले. दोनदा रडले, तिसऱ्यांदा मंचाच्या पायरीवर अडखळले.

मी कुणी बडी नटी नाही हं. चित्रपट पुरस्कारांच्या मोठ्या सोहळ्याआधी तालीम होते. खऱ्या नट्या काही तालमीला येत नाहीत. त्यांच्या खुर्चीत आमच्यासारखी नाटकातली माणसं बसतात. नाव पुकारलं की तोंडावर हात ठेवायचा, मंचावर जायचं, पुरस्काराची खोटी बाहुली घ्यायची आणि खोटे आभार मानायचे. तोवर कॅमेरेवाले आपली जागा ठरवतात, दिवेवाले आपला उजेड. आम्हाला तिथं सगळे 'डमी' म्हणत.

तर तिसऱ्यांदा मी माइकसमोर उभी राहिले, तर माइक माझ्या कपाळापाशी.

"थांबा..." मागून कुणीतरी म्हणालं. आवाज इतका हळू, की मला वाटलं मीच म्हणाले.

तो पुढं आला. गळ्यात हेडफोन, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्याने माइक खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, अजून जरा खाली घेतला.

"बुटकी आहे असं तोंडावर म्हणा की," मी म्हणाले.

"मी तोंडाकडे बघत नाही. ऐकतो फक्त," तो म्हणाला. "आणि 'आभार' म्हणताना श्वास जरा हळू सोडा. माझ्या कानात वादळ येतं."

"मग कान बंद करा."

"मग पगार बंद होईल!"

तो त्या सभागृहाचा साउंडवाला. सगळे त्याला 'भोंगा' म्हणत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. भोंग्याचं बोलणं ऐकायला माणसाला जवळ सरकावं लागायचं... मी सरकले, एवढं खरं.

चौथ्यांदा जिंकायच्या आतच व्यवस्थापक मंचावर आले. महिनाभर सगळ्यांवर खेकसणारा तो माणूस, पण माइक हातात घेऊन नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "साथ वाढतेय. सोहळा पुढे ढकलला आहे. नवी तारीख... कळवू. सगळ्यांनी घरी जा. सांभाळून जा."

 वर एकेक दिवा विझत गेला. रिकाम्या खुर्च्यांवर उद्या येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो चिकटवलेले होते. ते तेवढे हसत राहिले.

मला खरं तर निघायला हवं होतं. पण तो एकटाच वायरी गुंडाळत बसला होता, म्हणून मीही एक उचलली.

"अशी नाही. पिळली की रुसते ती," तो म्हणाला. "एक वेढा सरळ, एक उलटा."

"वायर आहे की बायको?"

"बायकोचा अनुभव नाही," तो खाली मान घालून म्हणाला. कान मात्र लाल झाले.

बाहेर पडताना त्याने माझा नंबर मागितला. "नवी तारीख लागली की... कळवायला."

"तारीख काय, व्यवस्थापकही कळवतील."

"त्यांचा आवाज इतका चांगला नाही," तो म्हणाला.

मग शहर बंद झालं. आमच्या घरात आई, मी आणि दिवसभर बातम्या. त्या सोहळ्यानंतर नाटक सोडून ताईच्या गावी जायचं, तिच्या आणि भावोजींच्या औषधांच्या दुकानात उभं राहायचं, असं मी कबूल केलं होतं. नाटकाने पोट भरत नव्हतं आणि आईचं तोंड थांबत नव्हतं. आता रस्तेच बंद, म्हणून जाणंही लांबणीवर पडलं. मी वरवर हळहळले.

कारण रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "नवी तारीख लागली नाही," एवढंच सांगायला. ते सांगायला तास लागायचा. कधी तो फोन खिडकीबाहेर धरायचा. "ऐका... रस्ता." रिकाम्या रस्त्यावरून एखादी सायकल कुरकुरत जायची, लांब कुणीतरी भांडी घासायचं. त्याच्यामुळे मला शांततेतले आवाज ऐकू यायला लागले.

आणि एके दिवशी फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला, तर उचलला नाही. मग चार शब्दांचा निरोप आला... 'ताप होता. बरा आहे.' पुढे सगळं चिडीचूप.

"पुरुषांची जात," आई म्हणाली. मी भांडी जरा जास्तच आपटली.

पण राग किती दिवस पुरणार? रस्ते थोडे उघडल्यावर मी मास्क चढवला आणि त्याचं घर शोधत गेले. तो आत्याकडे राहायचा. आत्या निवृत्त शाळामास्तरीण. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोनवर गुलुगुलु बोलणारी ती तूच ना?" तिने गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं. "बरा झालाय तो, पण हाक मारली तर ओ देत नाही. थांब!"

तो गॅलरीत आला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. मी खालून, तो वरून.

"फोन का नाही केला?" मी ओरडले.

त्याने मान कलती केली. "काय?"

"फोन! का! नाही! केला!"

समोरची खिडकी उघडली. शेजारची उघडली. आणि ज्याचा आवाज कधी हातभरापलीकडे गेला नव्हता, तो माणूस भर गल्लीत ओरडला, "डाव्या कानाने ऐकू येत नाही! तापानंतर गेला तो! आता माझा उपयोग काय?"

माझा सगळा राग पायरीवरच बसला. थोड्या वेळाने मीही बसले. तो खाली आला, दोन हात अंतर ठेवून माझ्याशेजारी टेकला. मग उठला आणि जागा बदलून माझ्या डावीकडे आला... उजवा कान माझ्या बाजूला यावा म्हणून.

त्यानंतर तीच आमची जागा झाली. डॉक्टर म्हणत होते, कान येईल, पण वेळ लागेल. सोहळ्याची नवी तारीख मात्र लागली आणि त्याला बोलावणं आलं. न सांगता निभावून नेईन, म्हणाला.

"आणि आयत्या वेळी चुकलं तर?"

"कळलं, तर परत कुणी बोलावणार नाही."

"फसवून गेलात, तर तुम्हालाच तुमचं काम आवडेनासं होईल."

 तो उठला, माझ्यासमोरच व्यवस्थापकांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. व्यवस्थापक खेकसले नाहीत. "आधी बरा हो," म्हणाले. "तुझी खुर्ची कुठे पळून जात नाही." फोन ठेवून त्याने हात पायरीवर टेकला. मी तो धरला. दोन हातांचं अंतर मग फारसं उरलं नाही.

सोहळा झाला तो प्रेक्षकांशिवाय, डमींशिवाय. त्या संध्याकाळी आत्या आत टीव्हीसमोर बसली होती आणि आम्ही पायरीवर. पत्र्यावर पावसाची भुरभुर. मला ताईचा निरोप आला होता. दुकानात माणूस नाही, भावोजी एकटे पडलेत, ये. असल्या दिवसांत औषधांच्या दुकानाला नाही कसं म्हणणार? सकाळी मी निघणार होते, आणि ते त्यालाही सांगून झालं होतं.

आत कुणीतरी पुरस्कार घेत होतं. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि परत येताना मुद्दाम त्याच्या डावीकडे बसले. मास्क होता, ओठ दिसणार नव्हते. त्याच्या बहिऱ्या कानाशी वाकून मी अगदी हळू म्हणाले, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण मला सांगायचा धीर नाही."

तो समोर पावसाकडे बघत राहिला. मी सुटकेचा श्वास सोडला.

"वादळ आलं," तो म्हणाला.

मी झटकन त्याच्याकडे वळले. "...ऐकू आलं?"

"परवापासून थोडं थोडं येतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू लांब बसली असतीस." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. मग नेहमीसारखं, जवळ सरकावं लागेल इतक्या हळू म्हणाला, "माझंही आहे. खूप आधीपासून. आणि धीर मलाही नव्हता."

आतून आत्याने टीव्हीचा आवाज कमी केला. अगदी मुद्दाम.

"ताईच्या गावी सोहळे होतात का?" त्याने विचारलं.

"पुरस्कारांचे नाही. लग्नं होतात. साउंडवाला लागतोच."

"पण एका लग्नात मी काम करणार नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी मंचावर असेन, तुझ्या शेजारी."