तिसरी सिस्टीम

मंगरूळपीरच्या बाहेर माळावर एक शेती संशोधन केंद्र होतं. सत्त्याहत्तर साली तिथं कुठल्याशा मोठ्या संस्थेनं वापरून सोडलेलं कॉम्प्युटर मशीन आलं आणि ते सांभाळायला मेडशीचा देवमन नेमला गेला. नागपूरला शिकलेला, अबोल माणूस. नुकतंच लग्न झालेलं; बायको गंगूसह केंद्राच्याच आवारात राहायचा.

मशीनच्या एका डिस्कवर पावसाच्या हिशेबाची सिस्टीम होती, दुसरीवर बियाण्यांच्या चाचण्यांची. ज्या सिस्टीमनं जागं करावं, तीच होऊन ते मशीन काम करायचं. दुसरीची त्याला ओळखही नसायची. पण एकीवरून दुसरीवर जायचं म्हणजे दर वेळी मशीनवरच्या खटक्यांची कटकट. म्हणून देवमननं एक छोटा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर पंच केला. मशीन चालू होताच त्याला जोडलेल्या टेलिप्रिंटरनं कागदावर छापून विचारावं, एक की दोन? आकडा दाबला की ती सिस्टीम सुरू.

भाद्रपदातली ढगाळ दुपार होती. जेवायला जाण्याआधी एकदा चालवून पाहू म्हणून त्यानं बटण दाबलं. पंखे घरघरले, तापलेल्या धुळीचा वास सुटला. टेलिप्रिंटर खडखडला.

एक. दोन. तीन.

त्यानं पट्टी उजेडात धरून पुन्हा तपासली. तिच्यात तीन नव्हताच. कुठं चुकलं ते कळावं म्हणून त्यानं तीनच दाबला.

दोन्ही डिस्क जागच्या जागी थांबल्या. तरी मशीन चालू होतं.

तेवढ्यात शिपाई नानाजी पाणी घेऊन दारात आला आणि थिजला.

"साहेब... तुमी तं आत्ताच घरी गेले ना? बाहेर भेटले मले. बोलले बी..."

"मी इथंच हाय, नानाजी."

नानाजीच्या हातातला गडवा लवंडला. टेलिप्रिंटर आपोआप छापू लागला. अक्षरं रोमन, बोली मात्र घरची.

*गंगू, दार उघड.*

*आज लवकर काहून आले?*

*भूक लागली. वाढ.*

*बसा. भाकर गरमच...*

देवमननं मेन स्विच खाली ओढला. ओळ अर्ध्यावर तुटली. नानाजीला बाहेर काढून त्यानं खोलीला कुलूप ठोकलं आणि चिखल तुडवत घराकडे पळत सुटला.

गंगूनं दार उघडलं. त्याला पाहताच तिच्या हातातली पळी गळून पडली.

तिच्या खांद्यावरून त्याला आतलं दिसलं. पाटावर एक माणूस पाठमोरा बसला होता. त्याच्याच अंगलटीचा, त्याच्याच शर्टातला. घास तोंडाशी नेलेला, हात तसाच अधांतरी. जरासुद्धा हलत नव्हता.

"बोलता बोलता असे थांबले..." गंगूनं मागं वळून पाटाकडे पाहिलं. "अन् तुमी... तुमी कोण?"

"गंगू, मीच देवमन. आधी बाहेर ये. ये लवकर."

त्यानं हात पुढं केला. ती मागं सरली. चिखलानं माखलेल्या, धापा टाकणाऱ्या त्या माणसाकडे तिनं भेदरून पाहिलं आणि दार लोटलं. आतून कडी पडली.

"गंगू!"

वारा फिरला. केंद्राच्या कुलूपबंद, वीज तोडलेल्या खोलीतून टेलिप्रिंटरची खडखड पुन्हा ऐकू येऊ लागली.

आत ताट सरकलं. मग त्याच्याच आवाजात कुणीतरी शांतपणे म्हणालं, "कोणी येडा असन, गंगू. तू भाकर वाढ."