बोटीवाल्यांना दाखवलेलं लग्न

"इथे मोटार वळेल का हो?"

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. प्रेमात पडायला काय हे वाक्य झालं? पण माझ्या वाट्याला तेच आलं. डोक्यावर मिठाची पाटी, तोंडावर ऊन, आणि समोर मिठागराच्या बांधावर टाय लावलेला एक उंच तरुण... पौषातल्या वाऱ्यातही घामाघूम झालेला.

"बैलगाडी वलते," मी म्हटलं. "मोटारीचा मोटारीला इचारा."

तो हसला, हसता हसता एक पाऊल मागे सरकला, आणि थेट चिखलात. पाय वर आला, बूट आतच राहिला. मी पाटी उतरवली, कोपरापर्यंत हात घालून बूट काढला, पाण्यात विसळून त्याच्या हातात दिला. तो लाजून लालभडक झाला होता. एवढा मोठा बाप्या लाजतो कसा, हे बघत मी तिथेच उभी राहिले. तिथून हलायला हवं होतं. नाही हलले.

त्याचं नाव कमळाकर. राहायला गिरगावात, नोकरीला फोर्टातल्या एका प्रवासी कंपनीत. थंडीच्या दिवसांत विलायतेकडून मोठमोठ्या बोटी मुंबईच्या धक्क्याला लागायच्या. त्यातले उतारू जगाची सफर करायला निघालेले असत. बोट धक्क्यावर असेपर्यंत त्यांना काहीतरी दाखवून आणायचं, हे याच्या कंपनीचं काम. यंदा त्यांना कार्ल्याची लेणी दाखवायचं ठरलं होतं. सकाळी मोटारी निघायच्या, ठाण्यावरून पनवेल, पनवेलवरून घाट. परतताना पनवेलजवळ चहा, आणि चहाबरोबर "काहीतरी गावाकडचं". ते "काहीतरी" शोधायला त्याला पाठवलं होतं.

"आमच्याकडं काय बघायचा? कर्नाळ्याचा सुळका तर रस्त्यावरूनच दिसतं," मी म्हटलं.

"आज जे दिसलं ते बोटीवाल्यांना दाखवणार नाही," तो म्हणाला आणि घाईघाईने बूट घालायला खाली वाकला.

मग तो येतच राहिला. कधी चहाची जागा बघायला, कधी रस्ता बघायला, कधी उगाचच. रस्ता तर तोच होता, रोज काय बघणार? मी विचारलं की म्हणायचा, "नीट बघून घ्यायला लागतो. चूक झाली तर माणसं इथे राहतील आणि बोट निघून जाईल." त्याचा दिवस उलटा चालायचा. आधी बोट सुटायची वेळ धरायची, मग मागे मागे येत ठाणं, पनवेल, घाट. बोट कुणासाठी थांबत नाही, हे तो इतक्यांदा म्हणायचा की मला त्या बोटीचा रागच यायला लागला. एकदा मी म्हटलं, आमच्याकडं मानसं थांबतात. तो नुसता बघत राहिला — आणि मला त्या दिवशी पाटी उचलता उचलेना.

मी सातवी पास होते. वारलेल्या बाच्या बहिणीने, माझ्या गंगा आत्याने, तिच्या दयारामसाठी मला कधीच मागितलं होतं. आयने तेव्हा "पोरगी शिकते हाय" म्हणून नाही सांगितलं होतं. दयाराम वाईट नव्हता. बेलपाड्याच्या मिठागरात राबायचा, मान खाली घालून जेवायचा. त्याच्याविषयी मला काही वाटतच नव्हतं, एवढंच.

आमच्या आयला पंचक्रोशी ओळखायची. हौसा धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्यात लग्न भटजी लावत नसे, धवलारीण लावायची. ती धवले गायची, देवांची नावं घेऊन त्यांना मांडवात बोलवायची, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. मग ते कुणाच्या बापाला मोडता येत नसे. कमळाकरने गावातल्या एका लग्नात आयचा आवाज ऐकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालू, हेच. बोटीवाल्यांना हे दाखवू."

मी म्हटलं, लगीन दाखवायची चीज हाय का? तर तो हळूच म्हणाला, "ही सफर नीट पार पडली तर साहेब मला कायम करणार आहेत. मग मला एका घरी मागणी घालायला जायचं आहे."

"कुणाच्या घरी?"

"तिथे मोटार वळत नाही," तो म्हणाला.

आता सांगा, मी काय नाही म्हणणार होते?

आयने खूप आढेवेढे घेतले. शेवटी माझ्या तोंडाकडे बघून तयार झाली. तो आमच्या जातीचा नव्हता, पण तिलाही तो आवडायला लागला होता, अंगणात आला की ती त्याच्यासाठी पाट मांडायची. तिने अट मात्र घातली. "हलदीची गानी गाईन. देवांना नाय बोलवनार. देवांना खोटा आवतान मी देत नाय."

कमळाकर लगेच हो म्हणाला. म्हातारीची खोड समजून जरासा हसलाही. त्याच्या मनात लग्न म्हणजे भटजी, होम आणि सप्तपदी. बाकी सगळी गाणी. मी त्याला एकदा नीट समजावलं होतं. पण ऐकताना तो माझ्या बोटांशी खेळत होता, आणि मीही बोटं सोडवून घेतली नाहीत.

नवरी मी बसायचं ठरलं. गावातली दुसरी कुठली आई आपली पोरगी खोट्या हळदीला बसवणार? मी कमळाकरला म्हटलं, नवरा तुमी बसा. तो म्हणाला, "मग त्यांच्याशी इंग्रजीत कोण बोलणार?" बोलणारा तोच एक होता, हेही खरंच. आत्याला कळलं तशी ती बेलपाड्याहून दयारामला घेऊन हजर झाली. घरचंच काम, म्हणाली.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मोटारी आल्या. गोऱ्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे, गळ्यात कॅमेरे. ओट्यासमोर मांडव घातला होता, आंब्याचे टहाळे लावले होते. कमळाकर इकडून तिकडे धावत होता, आणि मुंडावळ्यांच्या आडून मी त्यालाच बघत होते. मधेच त्याची नजर माझ्यावर आली आणि तो बोलता बोलता अडखळला. एका गोऱ्या बाईने त्याला काहीतरी विचारलं, तो लाजला. हळदीने पिवळी झालेली मी एकाच्या शेजारी बसले होते आणि लाजत दुसऱ्यासाठी होते. मला वाटलं, माझ्या खऱ्या लग्नात तो असाच लाजेल.

आयने हळदीची गाणी गायली. बायांनी झेलली. गोऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, निघायची वेळ झाली. पण मागच्या दोन मोटारींचा पत्ता नव्हता. घाटात एकीचं चाक बसलं होतं, दुसरी तिच्यासाठी थांबली होती, असा निरोप एका ट्रकवाल्याने आणला. कंपनीचा नियम असा की, धक्क्यावर जायचं तर सगळ्या मोटारींनी एकत्र जायचं. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारा घड्याळ काढून कमळाकरवर ओरडायला लागला. कमळाकरचा चेहरा उतरला. त्याची नोकरी, आमचं सगळं, त्या रस्त्याच्या वळणावर लटकलं होतं.

आय उठून त्याच्याजवळ गेली. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, "कमलाकर, हलदीची गानी सरली. आता फुडं देवांचा लागतं. गाऊ का?"

त्याचे डोळे रस्त्यावर होते.

"गा, आई, गा. थांबू नका. मोटारी येईपर्यंत चालू द्या."

तो तिला आई म्हणाला. आयने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि येऊन जागेवर बसली.

तिने पहिल्या देवाचं नाव घेतलं तशा मी मुंडावळ्या बाजूला सारल्या. "आये, थांब," मी म्हटलं. तिने डोळे मिटले होते. मी पुन्हा म्हटलं. पण बायांनी सूर उचलला होता, त्यात माझा आवाज कुठल्या कुठे गेला. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, आमचे मेलेले आजेपणजे आले. बोलावलेल्या देवांना अर्ध्यावर सोडून धवलारीण उठत नाही. आत्याने खांद्यावरचं पांढरं फडकं काढलं आणि आमच्या दोघांच्या मधे अंतरपाट धरला. मी कमळाकरकडे बघत होते. आता तरी त्याला समजेल, आता तरी तो धावत येईल... तो आला. हातात तांदळाचं ताट घेऊन आला. हसत हसत गोऱ्या बायांना मुठी मुठी तांदूळ वाटायला लागला, कसे टाकायचे ते दाखवायला लागला. पाहुणे खूश झाले होते ना.

अंतरपाट खाली आला. सगळ्यांनी तांदूळ टाकले. त्यानेही टाकले.

त्याच वेळी मागच्या मोटारी आल्या. तो माझ्याजवळ वाकून पटकन म्हणाला, "जमलं, मालू. उद्या येतो." मी तोंड उघडेपर्यंत तो मोटारीत बसलासुद्धा. बोट सुटायची होती.

संध्याकाळी गावकी बसली. कुणी भांडलं नाही, कारण भांडण्यासारखं काही नव्हतंच. हौसाने देव बोलावले, गाणं पुरं केलं, लग्न लागलं. दयाराम खाली मान घालून म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही. त्याचंही कुणी ऐकलं नाही. मी आयच्या अंगावर धावून गेले. का गायलीस, म्हटलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"मी त्याला इचारला, पोरी. सगल्यांसमोर इचारला. तो गा म्हनला. मना वाटला, त्याचा मन फिरला, मंग हलद लागलेली पोर तशीच कशी उठवू? ज्याला तू पायजे तो मानूस गा कसा म्हनंल?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी रडलो.

तो दुसऱ्या दिवशी आला. हातात पेढ्यांचा पुडा, नवा शर्ट. साहेबांनी खूश होऊन त्याला कायम केलं होतं. अंगणात आत्याच्या माणसांची गर्दी बघून तो दारातच थांबला. मी त्याला विहिरीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग म्हणाला, तो तर देखावा होता, भटजी कुठे होता, होम कुठे होता?

"आमच्यात भटजी नसतो," मी म्हटलं. "आय असते."

पुडा त्याने विहिरीच्या काठावर ठेवला. मग एकदम माझा हात धरला. "चल. आत्ता निघू. ठाण्याची एस.टी. नाक्यावर उभी आहे. उद्या मुंबईत लग्न करू. मालू, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

इतके दिवस हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. सगळं आडून बोलायचा. आणि मला जावंसं वाटलं... देवाशपथ, नेसत्या लुगड्यानिशी जावंसं वाटलं. पण ओट्यावर आय बसली होती. तिने लग्न लावलेल्या कितीतरी बाया या गावांतून नांदत होत्या. तिने सगळ्यांदेखत लावलेलं स्वतःच्या लेकीचं लग्न लटकं ठरलं, तर त्यांच्या लग्नांचं काय? तिला पुन्हा कुठल्या मांडवात कुणी उभं केलं नसतं. गाणं गेलं असतं तर आय जगली नसती.

"मी आले तर आयचा गाना खोटा," मी म्हटलं. "ते मना नाय होनार. माजा बी जीव तुज्यावर हाय. पर काल तू रस्त्याकडं बघत व्हतास."

मी त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं. तो काठावर बसला आणि तोंड झाकून रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढाच. आत्या हाका मारत होती.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि विचारलं, वरात कधी निघते, कुठल्या रस्त्याने जाते? मी सांगितलं. मोठा रस्ता ओलांडायला लागतो, म्हटलं.

दिवस मावळायला आमच्या गाड्या नाक्याशी आल्या. पुण्याकडून ट्रकांची रांग लागली होती, बैल बुजत होते. आणि रस्त्याच्या मधोमध कमळाकर उभा होता, दोन्ही हात पसरून. पुढचा ट्रकवाला शिव्या देत होता, भोंगा वाजवत होता. तो हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. गाड्या एकेक करून त्याच्या पाठीमागून गेल्या. माझी गाडी इतकी जवळून गेली की हात लांब केला असता तर त्याच्या शर्टाला लागला असता. पलीकडे उतरल्यावर मी वळून बघितलं. शेवटची गाडीही गेली होती, रस्ता मोकळा होता, आणि तरी त्याचे हात तसेच पसरलेले होते.

"कोन हाय तो?" दयारामने विचारलं. लग्न लागल्यापासून तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"बोटीवाल्यांचा मानूस," मी म्हटलं.